पांढरे हातमोजे

बापूसाहेब वकील कुणालाही पहिल्यांदा भेटले की आधी त्याचे खांदे बघत. चेहरा नंतर. नाव, गाव, काम या गोष्टी त्याहून नंतर, आणि त्या त्यांच्या फारशा लक्षातही राहत नसत. मेहकरच्या शाळेत मी चित्रकला शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. व्हरांड्यात फळा पुसत उभा होतो, तेव्हा ते कसल्याशा कामाला हेडमास्तरांकडे आले. मला पाहून थांबले, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि पाठीवर थाप देऊन म्हणाले, "हे खांदे कुठून आणले बे तू? याच्यावर शर्ट काऊन घालतो? याले शेपटीचा कोट पाहिजे!"

शेपटीचा कोट म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या खांद्यांनी तोवर कडब्याच्या पेंढ्या वाहिल्या होत्या आणि त्यांच्याविषयी चांगलं असं कुणी काही बोललं नव्हतं. मी त्याच क्षणी त्यांचा झालो. नाव विचारलं तेव्हा म्हणालो, "इंगळे. जानेफळचा." ते म्हणाले, "असू दे, असू दे," आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमीला यायचं फर्मान सोडून निघून गेले.

अंगाने काटकुळे, नाक तरतरीत, आणि बोलायच्या भाषा दोन. कोर्टात आणि साहेबासमोर ते अगदी पुणेरी बोलत, "आपण कृपया" वगैरे. तालमीत आणि घरात मात्र अस्सल वऱ्हाडी. एकदा मी गमतीने कारण विचारलं तर म्हणाले, "ज्याच्याशी मी पुणेरीत बोलतो त्याच्यापासून मले काही तरी पाहिजे असते. ज्याले 'अबे' म्हणतो तो घरचा." ते मला पहिल्या दिवसापासून 'अबे' म्हणत. माझ्यासारख्या पोराला गावात तेवढं पुरेसं होतं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. जिथे तिथे नाट्यमंडळं निघत होती. मेहकरच्या मंडळाचे सर्वेसर्वा बापूसाहेब. बाकीच्यांना द्रौपदीवस्त्रहरण वगैरे हवं होतं, पण बापूसाहेबांच्या डोक्यात राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं विलायती नाटक बसलं होतं. नागपुरात वकिली शिकताना त्यांनी साहेबांच्या क्लबात अशी नाटकं पाहिली होती. पुढे बसायची परवानगी नव्हती, म्हणून दिवे धरणाऱ्या माणसाशी संधान बांधून पडद्यामागे उभं राहून पाहिली होती. "अख्खं नाटक मी पाठीमागून पाह्यलं," ते सांगत. "त्यांचे चेहरे मले माहीत नाहीत. पण प्रत्येकाच्या कोटाची शिवण सांगू शकतो." हे सांगताना ते हसत, आणि आम्हीही हसायचो. मला तर त्या उभं राहण्याबद्दल त्यांच्याविषयी जास्तच माया वाटली होती.

नाटक त्यांनी स्वतःच मराठीत लिहून काढलं. म्हातारा होत चाललेला एक लॉर्ड, त्याच्या घरी आलेल्या पाहुण्या, एक गरीब शिक्षिका आणि शेवटी तिच्याशी त्याचं लग्न, असा सरळ मामला. पण भूमिका वाटायची त्यांची रीत जगावेगळी होती. आधी कपडा, मग भूमिका. खामगावच्या एका बंद पडलेल्या नाटक कंपनीच्या दोन ट्रंका त्यांनी आणल्या होत्या. त्यात दुर्योधनाचा मुकुट, दोन गदा आणि तळाशी साहेबी कपडे. ते त्यांनी ओसरीवर पसरले, आम्हा सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि एकेक कोट प्रत्येकाच्या अंगावर चढवून पाहू लागले. "माणूस कपडा निवडत नसते," ते म्हणाले, "कपडा माणूस निवडते. ज्याच्या अंगावर कोट गप्प बसला, तो त्याचा."

लॉर्डचा कोट आधी त्यांच्या भाच्याला, शरदला घातला. तो पाठीवर फुगला. मग मंडळातल्या ओव्हरसियरना घातला, तर बटणं लागेनात. मग माझ्या अंगावर चढवला. बापूसाहेबांनी शेपटी ओढून पाहिली, खांद्यावरून हात फिरवला. "पाहा बे," ते म्हणाले, "कोट कसा गप्प झाला!" मी लॉर्ड झालो. शरदला तसल्याच शिवणीचा दुसरा, जरा लहान कोट बसला, तो नोकर झाला.

तेव्हाच त्यांनी आम्हाला साहेबाच्या नोकराची गोष्ट सांगितली. मोठ्या घरचा नोकर मालकासारखेच कपडे घालतो. तोच काळा कोट, तीच कडक कॉलर. मग पाहुण्याने ओळखायचं कसं? "एक चूक मुद्दाम ठेवाची," बापूसाहेब बोट वर करून म्हणाले. "मालकाच्या गळ्याला पांढरा बो टाय, नोकराच्या गळ्याला काळा. बाकी सारं सारखं. ती एक चूक पाहिली की पाहुणा फसत नाही." शरदने काळा बो लावून खाली वाकून सलाम केला आणि आम्ही हसून हसून लोळलो.

बायकांच्या कपड्यांचं प्रकरण त्याहून मोठं. शिक्षिकेचं काम करायला मुलींच्या शाळेत शिकवणारी कुमुद तयार होती, पण तिच्या घरी विचारायला हवं होतं. तिचे वडील निवृत्त पोस्टमास्तर, मऊ स्वभावाचे. बापूसाहेबांनी त्यांना वकिली बाणा दाखवला. "अहो, नऊवारीत पोटऱ्या दिसतात. हा झगा गळ्यापासून टाचेपर्यंत. बोटंसुद्धा दिसायची नाहीत. याहून सोज्वळ पोशाख जगात नाही." पोस्टमास्तर हो म्हणाले. मग झग्याचा घेर फुगवायचा प्रश्न आला. बापूसाहेबांनी गावातल्या बुरुडाकडून बांबूच्या कामट्यांचा पिंजरा विणून घेतला. तो कमरेला बांधून कुमुद पहिल्यांदा खुर्चीत बसली तेव्हा पिंजरा पुढून जो उचलला गेला तो थेट तिच्या हनुवटीला लागला. तिने किंचाळून दोन्ही हातांनी तो दाबून धरला. बाहेर जायचं तर दारातून आडवं व्हावं लागे. शेवटी बुरूडच येऊन म्हणाला, "वकीलसाहेब, कोंबड्या झाकाले सांगतलं असतं तं बरं केलं असतं."

लग्नाच्या प्रवेशात नवरी पांढऱ्या झग्यात हवी, असा इंग्रजांचा शिरस्ता. कुमुदच्या आईने ते ऐकून कपाळाला हात लावला. बापूसाहेबांनी क्षणभरही वाद न घालता झगा जांभळा केला. मी विचारलं, "पण बरोबर तर पांढराच ना?" ते म्हणाले, "बरोबर आहे बे. पण मले लंडनात राहाचं नाही, मेहकरात राहाचं आहे." मला ते तेव्हा शहाणपण वाटलं होतं.

एका संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात एक पुडकं ठेवलं. आत पांढरेशुभ्र हातमोजे. तसाच एक जोड कुमुदला. बाकी कुणाला नाही. "तिसऱ्या अंकात तू तिचा हात हातात घेतो," ते म्हणाले. "साहेब लोक उघड्या हातानं बाईचा हात धरत नाहीत. रीत आहे ती." मला कोण अभिमान वाटला! खडूने माखणाऱ्या माझ्या हातांना हातमोजे. घरी आरशासमोर घातले, काढले, पुन्हा घातले. शाळेतल्या शाईचा डाग पडू नये म्हणून ते स्वच्छ कापडात गुंडाळून पेटीत ठेवले.

आता बाबांविषयी सांगायला हवं. माझ्या बाबांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात काम केलं. आम्ही बौद्ध झालो त्याला फार वर्षं झाली नव्हती. त्याआधी त्यांच्या अंगावर जे काही चढलं ते पाटलाच्या घरून उतरलेलं. बाह्या आखूड नाही तर लांब, आणि कोटाला बटण असलंच तर एक. कुठेही गेले तरी ते दाराशी उभे राहत. मुंडासं नीट करत, पण बसत नसत. मी सुट्टीत जानेफळला गेलो तेव्हा त्यांना नाटकाचं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "तो लाटसाहेब बसतो का?"

"पहिला अख्खा अंक बसूनच असतो," मी म्हणालो. "उंच पाठीच्या खुर्चीत. बाकीचे येतात-जातात."

"अन तू तो हायेस?"

"हो."

"मंग येतो मी," बाबा म्हणाले. आजवर ते माझ्या शाळेतसुद्धा आले नव्हते. आता चार माणसांना सोबत घेऊन यायचं ठरवलं, आणि माझा पोरगा खुर्चीत बसणार म्हणून साऱ्या वस्तीला सांगत सुटले.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी शाळेच्या एका वर्गात आम्ही रंगायला बसलो होतो. मी कोट घातला, पांढरा बो लावला, हातमोजे चढवले. बापूसाहेब आत आले, इतरांना बाहेर पाठवलं आणि दार लोटून म्हणाले, "इंगळे, जरा बसा. आपल्याशी थोडं बोलायचं आहे."

मी चपापलो. एवढ्या दिवसांत ते माझ्याशी पहिल्यांदा पुणेरीत बोलत होते.

"कुमुदच्या वडिलांची हरकत आहे," ते म्हणाले. "तिसऱ्या अंकातल्या प्रसंगाला. आपल्या लक्षात येईल कशामुळे ते. मी पुष्कळ भांडलो त्यांच्याशी. पण समाज अजून तयार नाही, इंगळे. आपण समजून घ्याल."

मी हातांकडे बघून म्हणालो, "पण हातमोजे आहेत ना?"

"तेही सांगितलं मी त्यांना," बापूसाहेब म्हणाले.

मग कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हातमोजे रीत म्हणून नव्हते. माझा हात झाकायला होते. 

बापूसाहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं हे मी आजही सांगेन. त्यांनी स्वतःच्या हातांनी माझ्या गळ्याचा पांढरा बो सोडला आणि काळा बांधला. "कोट तुमचाच राहील," ते म्हणाले. "फक्त बो बदलायचा आहे. संवाद तुम्हाला सगळ्यांचेच पाठ आहेत." दाराबाहेर शरद उभा होता. त्याच्या गळ्याला त्यांनी माझा पांढरा बो लावला. कोट मात्र त्याच्या पाठीवर फुगलेलाच होता. नोकराचा लहान कोट नको म्हणून त्यांनी कुठून तरी तिसराच एक आणला होता आणि तो मागून टाचण्या लावून आवळला होता. कपडा माणूस निवडतो म्हणणारे बापूसाहेब तोंडात टाचण्या धरून बसले होते, हे मी पाहिलं.

मी कोट फेकून निघून का गेलो नाही, असं पुढे माझ्या मुलाने मला विचारलं. दोन गोष्टी होत्या. एक तर बापूसाहेब माझ्यासाठी भांडले होते. माझ्यासाठी तोवर गावात कुणी भांडलं नव्हतं, आणि हरला तरी तो माणूस माझ्या बाजूचा होता. दुसरी म्हणजे बाहेर मांडवात बाबा येऊन पोचले होते.

पडदा उघडला. उंच पाठीच्या खुर्चीत शरद बसला आणि तिच्या मागे मी उभा राहिलो. पानाचं तबक घेऊन उभा, पाण्याचे पेले घेऊन उभा, टोपी घेऊन उभा. दुसऱ्या अंकात शरद लांबलचक भाषण साफ विसरला. तो घामाघूम होऊन माझ्याकडे पाहू लागला. मी एक पाऊल पुढे होऊन वाकलो आणि म्हणालो, "हुजूर, मघाशी आपण म्हणत होतात की प्रेमाला घराणं नसतं." मांडव हशा आणि टाळ्यांनी दणाणला. लोकांना वाटलं नाटकातच आहे. दर वेळी तो अडला की मी "हुजूर, आपण म्हणत होतात" करून त्याचं वाक्य पूर्ण करत गेलो. तिसऱ्या अंकात शरदने कुमुदचा हात हातात घेतला, तेव्हा त्याच्या हातात हातमोजे नव्हते. माझ्याच हातात होते आणि त्या हातांत फुलांची परडी होती.

प्रयोग संपल्यावर लोक मला शोधत आले. "नोकर लई भारी होता!" बाबा मांडवाच्या खांबाशी थांबले होते. बरोबरची माणसं जरा दूर, खाली मान घालून. बाबांनी माझ्या कोटाची बाही चिमटीत धरून पाहिली.

"कोट चांगला बसला," ते म्हणाले. मग बाही सोडून म्हणाले, "पण सारे बसेल होते, तू काऊन उभा होता?"

मी गळ्यातला काळा बो सोडत राहिलो. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही, कधीच.

बापूसाहेब आणि मी पुढे अनेक वर्षं एकत्र काम करत राहिलो. मी त्यांचे पडदे रंगवले, त्यांनी माझ्या घराच्या कागदांची कामं केली, माझ्या मुलीच्या लग्नात उभं राहून पंगती वाढल्या. दुसऱ्याच दिवसापासून ते मला पुन्हा 'अबे' म्हणू लागले होते. कुठेही भाषण असलं की म्हणत, "रंगमंचावर जात नसते. आमच्या इंगळेले विचारा!" लोक माझ्याकडे बघत आणि मी मान डोलवायचो. भांडून हरलेल्या माणसाला आणखी काय द्यायचं?

राग माझ्याकडे होता, पण तो पोस्टमास्तरांसाठी राखलेला. ते समोरून आले की मी दुसऱ्या गल्लीत वळायचो. ते छत्री उंचावून नमस्कार करत आणि मी दुकानाच्या पाट्या वाचत बसायचो. असं करता करता ते वारले. मी त्यांच्या दारी गेलो नाही.

बापूसाहेब गेले तेव्हा शाळेच्या सभागृहात शोकसभा भरली. मी बोलणार होतो. काय बोलायचं तेही पाठ होतं, रंगमंचावर जात नसते तेच. शेजारच्या खुर्चीत कुमुदताई येऊन बसल्या. आता त्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या होत्या. सभा सुरू व्हायला अवकाश होता. त्या हळूच म्हणाल्या, "सर, आज विचारते. माझ्या वडिलांचं तुमच्याशी काय बिघडलं होतं? शेवटपर्यंत म्हणायचे, इंगळे मास्तर मला का टाळतात?"

मी म्हणालो, "ताई, हरकत त्यांनीच घेतली होती ना, मी तुमचा हात धरायला?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "बाबांनी? अहो, बाबांना ठाऊकसुद्धा नव्हतं. इंगळे आडनाव पाटलांतही असतं. त्यांना वाटायचं तुम्ही त्यांतलेच. बापूसाहेबच आले होते घरी, आदल्या दिवशी. मी चहा घेऊन गेले तेव्हा सांगत होते की उद्या कुणी बोट दाखवायला नको म्हणून आधीच कानावर घालतो, मुलगा कुठला आहे ते. मी त्याला हातमोजे दिलेत, तरी तुम्ही म्हणाल तर माणूस बदलतो."

"मग तुमचे वडील काय म्हणाले?"

"म्हणाले, मुलगा गुणी आहे, राहू द्या. तर बापूसाहेब म्हणाले, नाही, तुम्ही मनातून नाराज आहात, मला दिसतंय. मला राहायचंय याच गावात." कुमुदताईंनी समोर पाहिलं. "आम्हाला दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की नोकराचं काम तुम्हीच मागून घेतलंत. त्यात जास्त टाळ्या म्हणून."

समोर टेबलावर बापूसाहेबांचा फोटो होता, ताज्या झेंडूचा हार घातलेला. काळा कोट, कडक कॉलर, सगळं जिथल्या तिथे. माझ्यासाठी ते भांडले नव्हते. माझ्याविरुद्ध कुणीच भांडलं नव्हतं, त्यांच्याशिवाय. एका भल्या माणसाच्या तोंडी नसलेली हरकत त्यांनी घातली आणि मला तिच्यावर आयुष्यभर जगवलं. माझा रागसुद्धा त्यांनी चुकीच्या दारी पाठवून दिला. लुबाडला गेलो, असं मला वाटलं. आणि जाब विचारायला समोर कोण, तर झेंडूच्या हारातलं हसू. नोकराच्या पोशाखात एक चूक मुद्दाम ठेवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या वागण्यात मला एकही दिसू दिली नव्हती. एक दिसली होती, पुणेरी भाषेची. ती पाहूनही मी फसलो.

माझं नाव पुकारलं गेलं. मी हात हलवून नको म्हणालो. घसा भरून आला असेल, असं समजून लोकांनी हळहळ व्यक्त केली आणि दुसरं नाव पुकारलं. तीन-चार जण बोलले. एकाने तर माझंच उदाहरण दिलं, रंगमंचावर जात नसते म्हणून.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "आता आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून बापूसाहेबांना श्रद्धांजली वाहू या."

खुर्च्या मागे सरकल्या. अख्खं सभागृह उठलं. कुमुदताईही उठल्या. मी बसलोच आहे हे पाहून त्यांनी वाकून विचारलं, "सर, गुडघे दुखतायत का?"

"नाही," मी म्हणालो. "गुडघे चांगले आहेत."

माझ्या खुर्चीची पाठ उंच नव्हती, शाळेची साधी लोखंडी खुर्ची ती. मी पाठ टेकली, दोन्ही उघडे हात मांडीवर ठेवले आणि समोर फोटोकडे बघत राहिलो. बाबा, सारे उभे होते आणि मी बसलो होतो.